फुकटच्या दौऱ्याला किती पैसे न्यायचे?

पत्र : माझं राळेगाव तालुक्यात कृषी केंद्र आहे. यंदा बियाण्याचं अन् औषधाचं टार्गेट पूर्ण झालं म्हणून कंपनी आम्हा वीस-बावीस दुकानदारांना जोडीनं थायलंडला नेत आहे. चार रात्री, दोन पटाया अन् दोन बँकॉक. विमान, हॉटेल, सकाळचा नाश्ता अन् रात्रीचं जेवण कंपनीचं. हिचं म्हणणं, एवढ्या दूर चाललोच तर तीन दिवस जास्तीचे थांबून बुद्धाची मंदिरं पाहू, ते अयुथया नावाचं जुनं शहर पाहू. घरी कापसाचे दीड लाख नगदी आहेत. कोणी म्हणते सगळ्याचे डॉलर करा, कोणी म्हणते एटीएम जिथंतिथं आहे, कोणी म्हणते फोनपे चालते. तालुक्याच्या बँकेत विचारलं तर नागपूरला जा म्हणाले. किती न्यावे, कसे न्यावे, नीट सांगा.
– एक वाचक, राळेगाव तालुका

उत्तर : भाऊ, आकडा आधी घ्या, फोड नंतर. तुम्हा दोघांना मिळून २२,००० बात (थायलंडचं चलन) पुरतात. हिशेबाला १ बात म्हणजे ३ रुपये धरले की ६६,००० रुपये झाले. दीड लाख नेण्याचं काम नाही. खरा दर रोज खालीवर होतो, तो निघायच्या आठवड्यात पाहून घ्या. पण दुकानात उभं राहून मनातल्या मनात गुणायला तीनच बरा.

कंपनीच्या दौऱ्यात माणसाचा खिसा जास्त रिकामा होतो, याचं कारण साधं आहे. विमान-हॉटेल फुकट म्हटल्यावर बजेट कोणी करतच नाही. स्वतःच्या पैशानं गेलेला माणूस पाण्याच्या बाटलीचाही भाव विचारतो. इथं वीस दुकानदार सोबत, एकानं घड्याळ घेतलं की दुसऱ्याला घ्यावंच लागतं, एकानं बोटीवरून छत्रीत बसून उडायचं म्हटलं की मागं कोण राहणार? म्हणून तुमच्यासारख्यांनी तर घरूनच आकडा ठरवून निघायला हवं.

सगळ्यात मोठी गळती मात्र थायलंडात लागत नाही, इथंच लागते. तुमचं तिकीट ग्रुपचं असणार आणि ग्रुपच्या तिकिटात सगळ्यांची परतीची तारीख बहुधा एकच असते. तिकीट निघाल्यावर तारीख बदलायला गेलात तर कधी कधी नव्या तिकिटाइतका भुर्दंड बसतो. टूरवाले याला ‘डेव्हिएशन’ म्हणतात. त्यामुळे तिकिटं निघायच्या आधी कंपनीच्या माणसाला लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, की आम्ही दोघं तीन दिवसांनी परत येणार. भाड्यात किती फरक पडतो आणि प्रवास विमा त्या वाढीव दिवसांचाही आहे का, हे त्याच निरोपात विचारून घ्या. विमा नसेल तर तेवढ्या दिवसांचा स्वतः काढा. बँकॉकच्या खासगी दवाखान्यात एक रात्र काढली तरी आपलं सगळं बजेट त्यात जाईल. भाड्यातला आणि विम्याचा हा खर्च वरच्या ६६,००० मध्ये धरलेला नाही.

आता फोड. कंपनीच्या चार दिवसांत तुमच्या खिशातून दुपारचं जेवण, पाणी-चहा-फळं आणि थोडं इकडंतिकडं फिरणं जाईल. दोघांचे रोजचे ६०० बात धरले तर २,४०० होतात. स्वतःच्या तीन दिवसांत हॉटेल रोजचे १,२०० धरून ३,६००, जेवणखाण ८०० प्रमाणे २,४००, शहरातला प्रवास ४०० प्रमाणे १,२००. बँकॉकच्या मंदिरांची तिकिटं २,०००, अयुथयाचा एक दिवस १,५००, विमानतळावर जायची टॅक्सी ४५०, सिमकार्ड ४००. हे झाले १३,९५०, आपण १४,००० म्हणू. त्यावर खरेदीला ५,००० आणि अडीअडचणीला ३,०००. खरेदीचा आकडा तुमच्या हौसेनं बदला, पण अडीअडचणीच्या तीन हजारांना खरेदीसाठी हात लावायचा नाही. ते परत आले तर आनंदच आहे.

कापसाचे पैसे नगदी आहेत ही अडचण आधी सोडवा. परकीय चलन विकत घेताना ५०,००० रुपयांपर्यंतच नगदी देता येतात. त्यावर चेक, कार्ड किंवा खात्यातून ट्रान्सफर लागतं. शिवाय हॉटेलचं बुकिंग आणि कार्डात भरायचे पैसे खात्यातूनच जाणार. तेव्हा नगदी पैसे आधी खात्यात भरा. विक्रीची पट्टी जपून ठेवा, उद्या कोणी विचारलं तर कागद हाताशी पाहिजे.

मग कार्ड काढून पाहा. गावाकडे बहुतेकांच्या खिशात रुपे असतं, आणि साधं रुपे कार्ड देशातच चालतं. परदेशात चालणारं रुपे वेगळं असतं. ते डिस्कव्हर आणि डायनर्स क्लबच्या जाळ्यावर चालतं, त्यामुळे तिथंही प्रत्येक मशीन ते घेईलच असं नाही. बँकेकडून व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डेबिट कार्ड मागून घ्या. ते पोस्टानं यायला दिवस लागतात, म्हणून अर्ज महिनाभर आधीच टाका. कार्ड आलं म्हणजे चाललं असंही नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानं नवं कार्ड फक्त देशातल्या वापरासाठीच चालू असतं. परदेशातला वापर बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा शाखेत जाऊन स्वतः सुरू करावा लागतो. अ‍ॅपमध्ये एटीएम, दुकानातलं मशीन आणि ऑनलाइन यांची बटणं वेगवेगळी असतात. पहिली दोन सुरू करा, मर्यादा ३०,००० रुपयांवर ठेवा, आणि परत आल्यावर आठवणीनं बंद करा. किसान क्रेडिट कार्ड घरीच राहू द्या. पीककर्जाच्या पैशानं पटाया पाहू नये, एवढंच.

फोनपेचं सांगायचं तर, थायलंडातही हातगाडीवाल्यापाशीसुद्धा क्यूआर असतो. तो त्यांच्या प्रॉम्प्टपे यंत्रणेचा असतो आणि तिथल्या बँकखात्यांशी जोडलेला असतो. आपलं यूपीआय सिंगापूर, दुबई, नेपाळ अशा काही ठिकाणी पोचलं आहे, पण थायलंडात त्याच्या भरवशावर एक जेवणही मागवू नका. आपला इथला नंबर मात्र चालू ठेवावाच लागेल, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. निघायच्या आधी रोमिंग सुरू करा, तिथं उतरल्यावर त्या सिमचा डेटा बंद ठेवा, आणि नेटसाठी तिथलं टुरिस्ट सिम घ्या. दोघांत एक पुरतं, दुसऱ्या फोनला हॉटस्पॉट द्या.

नागपूरला चलन घ्यायला जाताना दोघांचे मूळ पासपोर्ट, पॅन कार्ड आणि तिकिटाची प्रत सोबत ठेवा. तिथं ए-२ नावाचा फॉर्म भरून घेतात. काउंटरवर ‘आजचा दर काय’ एवढंच विचारू नका, दर सांगून झाल्यावर सेवाशुल्क आणि जीएसटी वेगळे लागतात. प्रश्न असा विचारा : ‘१०० डॉलरची एक नोट माझ्या हातात पडायला एकूण किती रुपये द्यावे लागतील? आणि १,००० बात हातात पडायला?’ दोन-तीन ठिकाणी फोनवरच विचारा. जीएसटी फार नसतो. १ लाखापर्यंतच्या व्यवहाराच्या १ टक्का रकमेवर १८ टक्के, आणि कमीत कमी ४५ रुपये. खरा फरक दरातच लपलेला असतो. मुंबई किंवा कोलकात्याच्या विमानतळावर, आत गेल्यावर काचेमागं बसलेल्या काउंटरवर घेऊ नका. तिथं गरजू माणूसच येतो हे त्यांना ठाऊक आहे.

डॉलर घ्यावे की बात, हे गणित असं मांडायचं. समजा १०० डॉलर सगळं धरून ९,१५० रुपयांना पडले. बँकॉकच्या चलनदुकानात त्या दिवशी डॉलरचा खरेदीदर ३१.२० आहे, म्हणजे ३,१२० बात हातात आले. ९,१५० ला ३,१२० नं भागा, बात २ रुपये ९३ पैशाला पडला. नागपुरात तोच बात ३ रुपये ५ पैशाला मिळत असेल तर ३,१२० बातला ९,५१६ लागले असते. म्हणजे दर शंभर डॉलरमागं साडेतीनशेवर रुपये वाचले. आकडे उदाहरणाचे आहेत, रीत खरी आहे. कधी उलटंही निघतं, तेव्हा सरळ बात घ्या. बँकॉकच्या मोठ्या चलनदुकानांचे दर इंटरनेटवर रोज दिसतात, नागपूरला जायच्या दिवशी सकाळी मुलाला पाहायला सांगा.

तुमच्यासाठी बेत असा : नागपूरहून ३,००० बात नगदी, त्यात निम्मे शंभराच्या नोटांत. ४०० डॉलर, शंभराच्या चार नोटा. तीन रात्रींचं हॉटेल इथूनच रुपयात. बाकी सगळं खात्यात, कार्डाच्या मागं. माणशी ३,००० डॉलरपर्यंत नोटा नेता येतात, तेव्हा तुम्ही मर्यादेच्या कितीतरी आत आहात. फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून घेतलेलं कार्ड, घेतलंत तरी चालेल, पण त्यात थेट बात भरता येतो का ते विचारा. डॉलर भरलेलं कार्ड बातमध्ये वापरलं की मधल्या बदलासाठी बहुधा दोन टक्के किंवा त्याहून जास्त कापले जातात, आणि हे काउंटरवरचा पोरगा आपणहून सांगत नाही.

डॉलरची नोट मात्र नवरीसारखी जपा. शंभराची, निळी पट्टी असलेली नवी नोट मागा. शाईची रेघ, शिक्का, फाटका कोपरा किंवा पिनचं भोक असलेली नोट परत करा, तिथं ती घेत नाहीत. पन्नास, वीस, दहाच्या नोटांना थायलंडात शंभराच्या नोटेपेक्षा कमी दर देतात, फलकावर ओळी वेगळ्याच लिहिलेल्या असतात. म्हणून सुटे डॉलर नेऊ नका.

थायलंडात पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत तिथलं डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे येणाऱ्याच्या नोंदीचा ऑनलाइन फॉर्म, भरावं लागतं. १ मे २०२५ पासून ते सुरू आहे आणि पूर्ण मोफत आहे. गुगलवर शोधलं की पैसे मागणाऱ्या जागाही सरकारीसारख्याच दिसतात. पैसे मागितले की ती जागा खोटी समजा. बहुतेक वेळा टूरवाला भरून देतो, तरी आपलं झालं की नाही ते पाहून घ्या.

सुवर्णभूमी विमानतळावर बाहेर येताच चलनाचे रंगीत काउंटर दिसतील. तिथं थांबू नका, तुमच्याकडे तीन हजार बात आहेत. त्याच इमारतीच्या सगळ्यात खालच्या मजल्यावर, एअरपोर्ट रेल लिंकच्या स्टेशनाजवळ, शहरातल्या दराच्या जवळपास देणारी दुकानं आहेत. ग्रुपची बस थांबणार नसेल तर पटायात किंवा बँकॉकात बदला. पासपोर्ट लागतो. एकदम चारही नोटा मोडू नका, दोन-दोन मोडा. नोटा काउंटरसमोरच मोजायच्या, मागं रांग असली तरी. थायी नोटा रंगानं ओळखा : २० हिरवी, ५० निळी, १०० लाल, ५०० जांभळी, १,००० तपकिरी. अंधारात पाचशेची आणि हजाराची घाईत चुकते. हजाराची नोट टॅक्सीवाल्यासमोर काढू नका, सुटे नाहीत म्हणतो. सेव्हन-इलेव्हनच्या दुकानात पाण्याच्या बाटल्या घेऊन ती मोडा. आणि नोट हातातून उडाली तर पायानं दाबू नका. प्रत्येक नोटेवर राजाचं चित्र असतं, आणि राजाच्या अपमानाचा तिथला कायदा फार कडक आहे.

एटीएमचं पाहू, कारण इथं सगळ्यात जास्त माणसं फसतात. परदेशी कार्डावर तिथल्या बहुतेक बँका दर वेळी २२० बातच्या आसपास किंवा त्याहून थोडे जास्त कापतात, तुम्ही कितीही काढा. त्यावर आपल्या बँकेचं शुल्क, धरा १५० रुपये आणि जीएसटी. त्याखेरीज साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप (चलन बदलण्याचं बँकेचं जास्तीचं शुल्क) आणि त्यावरही जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. आता २,००० बात काढले तर २२०, अधिक ५९, अधिक ९२, एकूण ३७१ बात गेले. शेकडा साडेअठरा! तेच १०,००० एकदम काढले तर ७०१ जातात, शेकडा सात. म्हणून एटीएम अडचणीलाच वापरायचं, आणि वापरलं तर एकदाच, मोठी रक्कम. शिल्लक पाहायला कार्ड घालू नका, त्याचेही पैसे लागतात.

मशीन शेवटी एक प्रश्न विचारतं. पडद्यावर रुपयांत रक्कम दाखवतं, एक दर दाखवतं, आणि हा दर मान्य आहे का विचारतं. रुपये दिसले की आपल्याला बरं वाटतं आणि बोट ‘हो’ वर जातं. ‘नाही’ दाबा. व्यवहार रद्द होत नाही, पैसे येतातच, फक्त बदल आपली बँक करते. मशीनचा दर कित्येक टक्क्यांनी महाग असतो. दुकानात कार्ड घासतानाही हाच प्रश्न येतो, तिथं पावतीवर बात लिहून आले पाहिजेत, रुपये नाही. काही मशीन आधी पैसे देतात, नंतर कार्ड. पैसे मोजत चालू लागाल आणि कार्ड तिथंच राहील. कार्ड हातात आल्याशिवाय नोटांकडे पाहायचंच नाही.

हॉटेलला शिरताना अनामत मागतात, खोलीमागं हजार-दोन हजार बात. ती नगदी द्या आणि पावती घ्या, सोडताना परत मिळते. डेबिट कार्डावर दिली तर ती रक्कम खात्यात अडकून राहते आणि सुटायला कधी कधी आठवड्यावर दिवस लागतात. कंपनीच्या हॉटेलातही अनामत तुमच्याकडूनच मागू शकतात. खोलीतल्या फ्रिजमधलं काही उघडू नका, शेजारच्या दुकानात तेच तिप्पट स्वस्त असतं.

रोजचा हिशेब सोपा ठेवा. सकाळी त्या दिवसाचे बात एका पाकिटात काढायचे, बाकीचे खोलीच्या तिजोरीत. तिजोरी नसेल तर पैसे दोघांत वाटून घ्या. एक कार्ड तुमच्यापाशी, दुसरं वहिनींपाशी. वाचलेले पैसे उद्याच्या पाकिटात जातात, कमी पडले तर उद्यातून घेतात, पण तिजोरी दिवसा उघडत नाही. वहीत दोन रकाने करा, बात आणि गुणिले तीन. दुकानाची उधारीवही लिहिणाऱ्याला हे शिकवायला नको. ग्रुपमध्ये टॅक्सी, पाणी, टिप असे सामाईक खर्च निघतात. त्यासाठी पहिल्याच दिवशी प्रत्येक जोडीनं ५०० बात वर्गणी काढून एकाकडे द्या. नाहीतर कोणी किती दिले यावरून परतीच्या विमानात तोंडं फिरलेली असतात.

पटायात पैसे कुठं जातात ते ऐकून ठेवा. बस एखाद्या रत्नांच्या, चामड्याच्या किंवा मधाच्या मोठ्या दुकानापाशी थांबेल. गाईडला तिथं कमिशन असतं. पाहा, चहा प्या, बाहेर या. नीलम किंवा माणिक खरं की कसं हे आपल्याला कळत नाही, आणि नागपुरात येऊन किंमत करून घेतली तर परत द्यायला जाणार कोण? कोरल बेटावर पॅकेजची बोट फुकट असेल, पण पाण्याखाली चालणं, छत्रीनं उडणं हे वेगळ्या पैशाचं. तिथं न्यायच्या आधीच भाव विचारा. पाण्यावरची स्कूटर घेऊच नका. परत आणली की ‘इथं ओरखडा पाडला’ म्हणून हजारो बात मागायचा तिथला जुना धंदा आहे. पासपोर्ट कोणाकडेही गहाण ठेवायचा नाही. रात्री बारमध्ये बसलात तर भावपत्रक आधी मागा, आणि प्रत्येक फेरीची चिठ्ठी कपात ठेवतात ती मोजत राहा.

शहरात फिरायला तिथं मागं दोन बाक असलेल्या निळ्या गाड्या ठरलेल्या रस्त्यानं फिरतात, आपल्या काळीपिवळीसारख्या. माणशी १० ते २० बात. भाव विचारायचा नाही. विचारलं की तो अख्ख्या गाडीचं भाडं सांगतो, दोनशे-तीनशे. हात दाखवून चढायचं, उतरायचं तिथं बटण दाबायचं, खाली येऊन सुटे पैसे द्यायचे.

बँकॉकात तुमचे तीन दिवस वहिनींचे आहेत, तेव्हा हॉटेल बीटीएस या वरून धावणाऱ्या रेल्वेच्या स्टेशनाजवळ घ्या. शंभर-दोनशे बात जास्त लागले तरी टॅक्सीत त्याहून जास्त वाचतात. टॅक्सी घेतलीच तर मीटरनं, ३५ बातपासून सुरू होते. मीटर लावत नसेल तर उतरा, किंवा ग्रॅब या टॅक्सीच्या अ‍ॅपवर भाडं पाहून बोलवा. राजवाडा आणि पाचूच्या बुद्धाचं मंदिर एकाच आवारात आहे, माणशी ५०० बात. निजलेल्या बुद्धाचं वाट फो (वाट म्हणजे तिथल्या भाषेत मंदिर) ३००, नदीपलीकडचं वाट अरुण २००. वाट फोपाशी था तियेन घाटावरून नाव ५ बातमध्ये पलीकडे नेते, खासगी बोटवाल्याकडे वळू नका. परदेशी माणसाला तिकीट लागतंच, त्यात घासाघीस नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. वहिनींची साडी चालते, तुमची हाफ पँट नाही, बाहेर विजार विकत घ्यावी लागेल.

राजवाड्याच्या भिंतीशी एखादा नीटनेटका माणूस गाठेल. ‘आज बंद आहे, पूजा आहे, चला, २० बातमध्ये दुसरी मंदिरं दाखवतो.’ त्याचा रिक्षावाला तयारच असतो. वाटेत रत्नांचं दुकान, मग शिंप्याचं. राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो आणि तिकीट दुपारी साडेतीनपर्यंत मिळतं. कोणी काही म्हणो, मुख्य दारापर्यंत चालत जा.

अयुथया बँकॉकच्या उत्तरेला ८० किलोमीटरवर आहे. १७६७ साली ब्रह्मी सैन्यानं जाळलेली ही राजधानी. झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक वाट महाथात इथं आहे. टूरवाले गाडी करून माणशी हजारावर घेतात. तिसऱ्या वर्गाचं रेल्वेचं तिकीट माणशी २० बातच्या आसपास आहे. पंखे असतात, खिडक्या उघड्या, आपल्याला सवय आहे. तिथं टुकटुक (तिथली रिक्षा) तासावर ठरवा, चार तास बोलून घ्या, आणि पैसे शेवटी द्या. मंदिरांच्या फाटकाशी सुटे बात लागतात.

जेवणाचं एवढंच की पंजाबी हॉटेलात दोघांचे पाचशे-सहाशे सहज जातात आणि रस्त्यावर किंवा मॉलच्या फूड कोर्टात ५० ते ८० बातमध्ये एक ताट मिळतं. पक्के शाकाहारी असाल तर पिवळा झेंडा आणि त्यावर लाल अक्षर असलेली दुकानं शोधा. बाकी ठिकाणच्या भाजीत माशाचा रस पडतोच. ठेचा, भाजणी, चिवडा न्या, पण ठेचा मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेतून काढून घेतात.

कार्ड हरवलं तर पहिल्यांदा अ‍ॅपमधून बंद करायचं, मग बँकेला फोन. बँकेचा परदेशातून लागणारा नंबर आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे कागदावर लिहून पासपोर्टच्या प्रतीसोबत वहिनींच्या पिशवीत ठेवा, फोन हरवला तर फोनमधला नंबर कामाचा नाही. पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५. भारतीय दूतावास सुखुमवित रस्त्यावर सोय २३ (सोय म्हणजे गल्ली) मध्ये आहे. आणि सोन्याचं, मंगळसूत्र सोडून बाकी घरी ठेवा.

एका दुकानात एका दिवशी २,००० बातच्या वर खरेदी झाली आणि दुकानावर व्हॅट परताव्याची पाटी असली तर पासपोर्ट दाखवून फॉर्म घ्या. विमानतळावर मोठी बॅग देण्याआधी तो कस्टमच्या टेबलावर शिक्का मारून घ्यायचा असतो. बॅग आधी दिली की वस्तू दाखवता येत नाही आणि परतावा गेला.

परतताना नाणी उरली तर विमानतळावरच्या दुकानात संपवा, इथं कोणी घेत नाही. बातच्या नोटा तिथंच बदललेल्या बऱ्या. न मोडलेले डॉलर घरी ठेवता येतात, माणशी २,००० डॉलरपर्यंत नोटा ठेवायला परवानगी आहे, त्यावरच्या १८० दिवसांत परत कराव्या लागतात.

आणि ‘फुकट’ म्हटलं त्याचं. व्यवसायातून मिळालेल्या अशा दौऱ्याची किंमत तुमच्या उत्पन्नात धरली जाते. १ जुलै २०२२ पासून, वर्षाला २०,००० रुपयांच्या वरच्या अशा लाभावर कंपनीनं १० टक्के टीडीएस भरायचा असतो. काही कंपन्या तो स्वतः भरतात, काही दुकानदाराच्या खात्यातून किंवा क्रेडिट नोटमधून वळता करतात. तुमच्या कंपनीचं काय, ते जाण्याआधी विचारा, दौऱ्याची किती किंमत धरली तेही विचारा, आणि मार्चनंतर रिटर्न भरताना २६एएस (तुमच्या नावावर भरलेल्या कराचा उतारा) मध्ये ती रक्कम दिसते का हे तुमच्या सीएला दाखवा.